झाडाखाली झाडू नका : मोठ्या वृक्षाच्या सावलीत बाग कशी करावी

मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये एक दृश्य ठरलेलं असतं. आवाराच्या मधोमध पर्जन्यवृक्ष नाहीतर आंबा, बुंध्याभोवती विटांचा पार, पारावर उघडी, टणक, राखाडी माती आणि तिच्यात जूनमध्ये लावलेली गुलाबाची चार मरतुकडी रोपं. दिवाळीच्या आत ती जातात. पुढच्या पावसाळ्यात वर्गणी काढून पुन्हा नवी आणतात. बोल लागतो माळ्याला.

माळ्याचा त्यात फारसा दोष नसतो. गुलाब, मोगरा, तुळस, झेंडू, लॉन ही सगळी उन्हाची मंडळी, त्यांना किमान चार ते सहा तास थेट ऊन लागतं. झाडाखाली तेवढं ऊन नसतं आणि जमिनीचा वरचा वीतभर थर झाडाच्या बारीक मुळांनी विणलेला असतो. शिवाय रोज सकाळी कोणीतरी खराट्याने तिथलं पान न् पान गोळा करून नेतं. पहिल्या दोन अडचणींवर योग्य रोपं निवडून मात करता येते. तिसरी आपण स्वतः घडवतो आणि बहुतेक बागा तिच्यामुळेच बुडतात.

रेडवूडखाली काय चालतं

कॅलिफोर्नियात मुला-नातवंडांकडे जाऊन आलेल्या पुष्कळांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्यूर वुड्स पाहिलेलं असतं. १९०८ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेलं ते रेडवूडचं जंगल. रेडवूड हा जगातला सर्वांत उंच वाढणारा वृक्ष, त्याच्या सर्वांत उंच झाडाने ११५ मीटर ओलांडले आहेत. खाली भर दुपारी संधिप्रकाश असतो, तरी जमीन हिरवीगार. कमरेएवढे स्वोर्ड फर्न, गालिच्यासारखं पसरलेलं रेडवूड सॉरेल, मधूनच रानटी आल्याची हृदयाकार पानं.

हे सॉरेल आपल्या आंबुटीच्या कुळातलं. पूर्ण उन्हाच्या दोनशेव्या हिश्श्याएवढ्या प्रकाशातही ते अन्न तयार करू शकतं. उन्हाचा कवडसा पानावर पडला की काही मिनिटांत पान छत्रीसारखं मिटतं आणि कवडसा सरकला की पुन्हा उघडतं. तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. समुद्रावरून धुकं येतं, उंच फांद्यांवर त्याचे थेंब होतात आणि खाली ठिबकतात. झाडांच्या वर्षभराच्या पाण्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा या धुक्याचा असतो. हा ओलावा टिकतो तो जमिनीवरच्या सुया आणि काटक्यांच्या जाड थरामुळे. तो थर तिथे कोणी उचलत नाही.

ही रोपं इकडे आणायचा मोह होतो. आणू नका. परदेशातून रोप किंवा कंद आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, बॅगेत लपवून आणणं बेकायदेशीर आहे. आणि आणलं तरी जगणार नाही. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या रात्री थंड असतात, तर मुंबईत मे महिन्याच्या रात्रीसुद्धा पारा सत्तावीस अंशांच्या आसपास असतो. इथे हवा दमट असली तरी ती ठिबकत नाही. मुंबईचा पाऊस २,००० मिलिमीटरच्या वर जातो खरा, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. म्हणून आपल्याला सह्याद्रीतल्या झाडाखालची रोपं हवीत. पावसात भराभर वाढायचं आणि हिवाळ्यापासून कंदाच्या रूपात जमिनीखाली झोपायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या जोडीला बारमाही टिकणारी थोडी चिवट रोपं हवीत.

आधी वरचं झाड ओळखा

खाली काय जगेल हे वरचं झाड पानं कधी टाकतं यावर ठरतं. नर्सरीत जाण्यापूर्वी हे पाहायचं.

पर्जन्यवृक्ष हा सगळ्यांत सोयीचा यजमान. त्याची सावली जाळीदार असते. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत पानं मिटतात, त्यामुळे पावसाचं पाणी खालपर्यंत येतं. तो शेंगवर्गीय असल्याने त्याचा बारीक पाला लवकर कुजतो आणि मातीला नत्र देतो. त्रास दोनच. उन्हाळ्यात चिकट शेंगा पडतात. आणि पिठ्या ढेकूण लागला असेल तर वरून गोड चिकटा गळून खालच्या पानांवर काळी बुरशी धरते.

गुलमोहर फसवा. पावसाळ्यात खाली छान सावली, पण फेब्रुवारीपासून तो निष्पर्ण होतो आणि एप्रिल-मेचं कडक ऊन थेट खालच्या नाजूक पानांवर उतरतं. नेफ्रोलेपिस हा फर्न आणि शोभेच्या पानांची कॅलेथिया तिथे करपतात. गुलमोहराखाली उन्हाळ्यात झोपणारे कंद आणि ऊन-सावली दोन्ही सोसणारी स्पायडर लिली लावावी, बाकी प्रयोग करू नयेत. त्याची मुळंही वरवर असतात, खणताना जपा.

आंबा, फणस आणि बकुळ बारमाही दाट सावली देतात. इथे प्रश्न प्रकाशाचा. आंब्याची पानं चिवट असतात, सावकाश कुजतात आणि एकावर एक चिकटून पत्र्यासारखा थर करतात, मग पाऊस त्यावरूनच वाहून जातो. ती आधी कुस्करावी लागतात. देशी बदामाची ताटलीएवढी पानं लहान रोपांना गाडून टाकतात. तिथे गुडघ्यापेक्षा उंच वाढणारीच रोपं ठेवा. सुरूच्या आणि निलगिरीच्या झाडाखाली खर्च करू नका, दोन्हींचा पाला इतर रोपांची वाढ दाबतो.

प्रकाश मोजा, अंदाज नको

भर दुपारी बारा ते एकच्या दरम्यान लावायच्या जागी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर प्रकाश भरपूर. सावली दिसते पण कडा विरघळलेल्या असतील तर मध्यम, आणि बहुतेक सावलीप्रिय रोपांना हाच हवा. सावली उमटलीच नाही तर तिथे हिरवळीचा नाद सोडा, फक्त पाला पसरून ठेवा.

लक्स हे प्रकाशाचं माप. फोनवरच्या लक्समापक अ‍ॅपने आकडा मिळतो, अगदी अचूक नसला तरी जागांची तुलना करायला पुरतो. कडक उन्हात साधारण एक लाख लक्स असतात. झाडाखाली ५,००० ते १५,००० मिळाले तर हळद, पेवा, फर्न सगळं चालतं. २,००० ते ५,००० मध्ये अ‍ॅग्लोनेमा, स्नेक प्लांट, सिंगोनियम ही शोभेच्या पानांची रोपं तग धरतात. १,०००च्या खाली यांतलं काहीच नीट वाढत नाही. रोप लगेच मरत नाही एवढंच, चार-सहा महिने साठवलेल्या अन्नावर उभं राहतं आणि मग बसतं. म्हणून नवं रोप दोन महिने जगलं यावर विश्वास ठेवू नका.

एकदाच मोजून भागत नाही. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सावली झाडाच्या खालीच पडते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो. झाडाच्या दक्षिणेकडची जागा तेव्हा उन्हात येते आणि उत्तरेकडची जास्त अंधारात जाते. दक्षिणेला उंच इमारत असेल तर हिवाळ्यात कदाचित काहीच मिळणार नाही. मे आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांत मोजा.

पार, काँक्रीट आणि मुळं

बुंध्याभोवती विटा रचून दोन फूट लाल माती भरणे ही झाड मारण्याची सावकाश पण खात्रीची पद्धत आहे. झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या वीत-दीड वीत मातीत असतात, कारण हवा तिथेच पोहोचते. वर दोन फूट माती पडली की ती गुदमरतात. बुंध्याची साल सतत ओल्या मातीला लागून कुजते, वाळवी शिरते आणि चार-पाच वर्षांनी एखाद्या जुलैत वाऱ्याने झाड आडवं होतं. मग म्हणतात, पावसाने पडलं.

पार असेल तर बुंधा जिथे पसरट होऊन मुळात उतरतो तो भाग उघडा दिसेपर्यंत माती हळूहळू काढा, हाताने आणि खुरप्याने, दोन-तीन टप्प्यांत. कुदळ वापरू नका. बुंध्याला काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भिडले असतील तर चारही बाजूंनी निदान एक मीटर जागा मोकळी करून घ्या. झाडाच्या पसाऱ्याखाली नवी माती टाकायचीच असेल तर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि बुंध्याजवळ अजिबात नको.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. फांद्या छाटायच्या तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. ‘थोडा उजेड यावा म्हणून’ माळ्याकरवी फांद्या उतरवणं महागात पडू शकतं.

सलग वाफा खणू नका. रेडवूडची मुळंही खोल जात नाहीत, ती आडवी पसरतात. म्यूर वुड्समध्ये लोकांना लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालवतात त्याचं हेच कारण, पायांनी दबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे पायांच्या जोडीला स्कूटर असतात. बागेची हद्द दगड मांडून आखा, जाण्यायेण्याची वाट असेल तर दोन फुटांवर एकेक सपाट फरशी टाका आणि पार्किंग हलवण्याचा ठराव बाग लावण्याआधी करून घ्या, नंतर तो होत नाही.

लावण्यासाठी सुटे खड्डे घ्यायचे, प्रत्येकी वीतभर रुंद आणि वीतभर खोल. खुरप्याने चाचपत जा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडायचं नाही, खड्डा बाजूला सरकवायचा. बुंध्यापासून पहिले साठ सेंटिमीटर मोकळे सोडायचे, अपवाद फक्त बुंध्यावर चढवायच्या वेलीचा.

काय लावावं

उंच थरासाठी पेवा. सर्पिल चढत जाणारी खोडं, माणसाच्या छातीपर्यंत उंची आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात कागदासारखी पातळ पांढरी फुलं. सह्याद्रीच्या जंगलात झाडांखाली हा आपोआप वाढतो. हिवाळ्यात पिवळा पडून वाळतो तेव्हा घाबरून उपटू नका, कंद खाली जिवंत असतो. बुंध्यापासून एक मीटरवर, दोन रोपांत पाऊण मीटर अंतर.

मधल्या थरात हळद. झाडाखालच्या हळदीला गड्डे कमी लागतात, पण पानं भरघोस येतात, आणि सोसायटीत पानांनाच मागणी. नागपंचमी आणि गणपतीत पातोळ्यांसाठी बाजारात पानं शोधत फिरण्याऐवजी खाली उतरून तोडता येतात. एका वेळी एका रोपाची दोनच पानं घ्या. लावायला बाजारातली सुकी हळद चालत नाही. डोळे फुटलेले ओले गड्डे लागतात, मेच्या शेवटी मिळतात. दोन डोळे राहतील असा तीस-चाळीस ग्रॅमचा तुकडा, डोळा वर, पाच सेंटिमीटर खोल, तीस सेंटिमीटर अंतरावर. आंबेहळद, कचोरा आणि भुईचाफा यांची रीत हीच. भुईचाफ्याची सुवासिक फुलं पानांच्या आधी, उन्हाळ्यात थेट मातीतून येतात, म्हणून त्याला कडेला जागा द्या.

रानहळद आणि शेवळ्याचे कंद फक्त नर्सरीत वाढवलेले घ्या. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून रोप किंवा कंद उचलणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, सहलीला गेलेल्यांना हे सांगावं लागतं. शेवळा हे झाडाखालचं अस्सल रोप. पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका बाजारात आणतात आणि सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, देतात, कारण शेवळ्याची खाज काकडाच्या आंबटपणाशिवाय जात नाही. सुरण, अळू आणि शेवळा तिन्हींत खाज आणणारे तेच सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलं खेळतात तिथे ही रोपं आतल्या बाजूला लावा आणि डिफेनबाकिया तर लावूच नका.

वर्षभर हिरवं राहण्यासाठी नेफ्रोलेपिस फर्न आणि स्पायडर लिली. नेफ्रोलेपिस धावत्या खोडांनी पसरतो, पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर पुरतं. पाणी तुटलं की पानं गळतात, पुन्हा दिलं की बहुधा फुटतो. स्पायडर लिली मुंबईच्या दुभाजकांवर वाढते, तिला मारणं अवघड. खोल सावलीत फुलं मात्र कमी देते.

जमिनीलगत पिंपळी. मिरीच्या कुळातली ही वेल तीन-चार पेरांच्या कलमांपासून पावसाळ्यात सहज लागते, दोन पेरं मातीत गेली पाहिजेत. सावली आणि ओल मिळाली तर दोन पावसाळ्यांत गालिचा होतो. म्यूर वुड्सच्या सॉरेलसारखं काही हवं असेल तर मुंबईत पिंपळीच्या जवळ जाणारं दुसरं रोप नाही. जिथे पाणी थोडं साचतं तिथे मंडूकपर्णी, जिला बाजारात ब्राह्मी म्हणूनही विकतात. कडेला, जिथे दोन-तीन तास ऊन येतं, अबोली आणि अडुळसा.

बुंध्यावर काही चढवायचं असेल तर मिरी. उत्तरेच्या बाजूला, बुंध्यापासून फूटभर अंतरावर दोन मुळं धरलेली कलमं. जात विचारून घ्या. नर्सरीत सर्रास मिळणारी पन्नियूर-१ उघड्या उन्हात चांगली, दाट सावलीत कमी धरते. सावलीसाठी करीमुंडा बरी. वेल तीन-चार मीटरवर छाटून ठेवा. मनीप्लांट मात्र झाडावर चढवू नका. कुंडीतलं तळहाताएवढं पान झाडावर सुपाएवढं होतं, सगळा बुंधा झाकला जातो आणि खालची वाळवी, कुजलेली पोकळी कोणाला दिसत नाही. फर्न किंवा ऑर्किड बांधायचं तर काथ्याच्या दोरीने. खिळा ठोकायचा नाही, तार गुंडाळायची नाही.

वेडेलिया टाळा. पिवळ्या फुलांचा हा गालिचा फुकट मिळतो, पण वर्षभरात बाकी सगळं गिळतो. सिंगोनियम लावलंच तर दर दोन महिन्यांनी त्याचे हातपाय छाटा. कारवीची चौकशी फार होते, विशेषतः ती फुललेली पाहून आल्यावर. राष्ट्रीय उद्यानातल्या झाडांखालचं ते मुख्य झुडूप खरं, पण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं आणि फुलून सगळं एकदम मरतं. शंभर चौरस फुटांच्या वाफ्यात कारवी म्हणजे सात वर्षं काठ्या आणि मग मोकळी जमीन. तिला डोंगरावरच राहू द्या.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुन्या झाडांखाली आणि माहीमजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात वेळ काढा. हे निसर्ग उद्यान कचराभूमीवर उभं राहिलेलं आहे. तिथली माती बोटांनी उकरून पाहा, पाल्यापासून जमीन कशी बनते ते कळतं.

लावण्याचा दिवस आणि हिशोब

तीन मीटर बाय चार मीटर जागा धरू. बुंधा आणि भोवतीची मोकळी जागा वगळून साधारण दहा चौरस मीटर हाती राहतात. त्याला पेव्याची ६ रोपं, नेफ्रोलेपिस १२, स्पायडर लिलीचे १० कांदे, हळदीचे ३० तुकडे म्हणजे सव्वा किलोच्या आत-बाहेर गड्डे, आणि सगळ्यांच्या मधून पिंपळीची २५ कलमं. सुरुवातीला विरळ दिसेल. दाट लावलं तर दुसऱ्या वर्षी एकमेकांना मारतील.

रोपं चार इंची पिशवीतली घ्या. मोठं रोप स्वस्तात मिळालं तरी त्याला मोठा खड्डा लागतो आणि मोठा खड्डा म्हणजे झाडाची तुटलेली मुळं.

खड्ड्याच्या भरणासाठी दोन घमेली तिथलीच माती, एक घमेलं गांडूळखत किंवा जुनं शेणखत, एक घमेलं कुजलेला पाला, असं कालवा. पालाखत नसेल तर कोकोपीट चालेल, पण दोन-तीन पाण्यांत धुऊन, कारण त्यात मीठ असतं. एका खड्ड्याला साधारण सहा लिटर मिश्रण लागतं. पेवा, फर्न आणि लिलीच्या २८ खड्ड्यांना मिळून २५ ते ३० किलो गांडूळखत आणि दीड किलो निंबोळी पेंड पुरते, खड्ड्यागणिक एक मूठ. ताजं शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकू नका, घुशी येतात आणि एका रात्रीत सगळं पोखरतात. नर्सरीची लाल मातीही नको, ती झाडाखाली वाळली की विटेसारखी होते.

वेळ जूनचा दुसरा पंधरवडा. पहिल्या सरीला लावू नका, जमीन वीतभर खोल ओली झालेली असावी. हळद तेवढी आधी, मेच्या अखेरीस लावली तरी चालते. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावा. रोपाची मान मातीच्या पातळीतच राहू द्या, खोल गाडलं तर पावसात सडतं. लावून झाल्यावर आळं करू नका. उघड्या जमिनीवर ते ठीक, इथे जुलैत त्यात पाणी साचून मूळ कुजतं.

पाला

जी जमीन उघडी राहते तिच्यावर पावसाचे थेंब आपटून वरची माती वाहून जाते आणि उरलेली सिमेंटसारखी बसते. पाल्याचा पाच ते सात सेंटिमीटर थर हे थांबवतो, ओल धरतो आणि खाली गांडुळं आणतो. बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर ओलीने साल कुजते.

आंबा आणि बदामाची पानं गोणीत भरून काठीने चुरा करून टाका. पर्जन्यवृक्षाचा पाला तसाच चालतो. बाग आणि वाट यांच्यामध्ये दगडांची ओळ हवीच, झाडणाऱ्याला सीमा दिसली पाहिजे. सफाई कामगाराला वाट झाडायची आणि पाला आत टाकायचा हे स्वतः समजावून सांगा. सूचनाफलकाने हे काम होत नाही, कारण कचरा दिसला तर ओरडा त्यालाच बसतो. सोसायटीच्या सभेत ‘साप येतील, मच्छर होतील’ हा आक्षेप ठरलेला. साप उंदरांमागे येतात, म्हणून ओला कचरा नको. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ओल्या पाल्यात नाही. पण पाल्यात दडलेली करवंटी, थर्माकोलचा पेला, कुंडीखालची ताटली आणि ब्रोमेलियाडच्या पानांचा पेला यांत तो नक्की घालतो. ब्रोमेलियाड लावूच नका, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाला चाळून पाहा.

एप्रिल-मेमध्ये पाला कोरडा ठणठणीत होतो. सिगारेटची थोटकं आणि लग्नाच्या वरातीतले फटाके यांची काळजी घ्या, त्या दिवसांत वरून पाण्याचा हबका मारत राहा.

ऑक्टोबर ते मे

पाऊस थांबला की झाड आणि बाग एकाच पेल्यातून पितात आणि झाडाचा घोट मोठा असतो. दर चौरस मीटरला पाच लिटर, आठवड्यातून दोनदा. आपल्या दहा चौरस मीटरला एका वेळी पन्नास लिटर. एप्रिल-मेमध्ये तीनदा. रोज थोडं शिंपडण्याचा उपयोग नाही, पाणी पाल्यातच जिरतं आणि खाली माती कोरडी राहते. पाणी दिल्यानंतर तासाभराने पाला बाजूला करून बोट घाला. दोन पेरं ओलं लागलं तर बरोबर.

एसीचं पाणी उत्तम, दमट दिवसांत एका एसीतून बादली भरते. बोअरवेलचं पाणी समुद्राजवळच्या भागात खारट असतं, त्याने फर्नच्या पानांची टोकं तपकिरी होतात. ते पाणी लिलीला द्या, फर्नला नको. फिल्टरमधून वाया जाणारं पाणीही क्षारांनी भरलेलं असतं, त्याने फरशी धुवा.

डिसेंबर-जानेवारीत हळद आणि पेवा वाळतील. वाळलेली पानं कापून तिथेच पसरा आणि प्रत्येक कंदाजवळ काठी रोवा. काठी नसेल तर मार्चमध्ये कोणीतरी ‘रिकामी जागा आहे’ म्हणून तिथे दुसरं रोप खणतो आणि कंदाचे तुकडे होतात.

बिघडतं ते इथे

सर्वांत मोठा अपघात मेमध्ये होतो. पावसाआधी पालिका धोकादायक फांद्यांची छाटणी करते, ती गरजेची असते. पण त्या दिवसापर्यंत सावलीत असलेल्या फर्नवर मेचं ऊन कोसळतं. छाटणीची तारीख कळली की बांबू रोवून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी ताणून ठेवा, पहिल्या पावसापर्यंत. करपलेली पानं लगेच कापू नका, ती खालच्या कोंबांना सावली देतात.

पावसात गोगलगायी. मुंबईत दिसणारी ती मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत हळदीची पानं चाळणी करते. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने धरू नका, तिच्या अंगातले जंतू माणसाला बाधतात. मातीवर मीठ शिंपडलं तर गोगलगाय मरेल आणि बागही.

पानं लांबट, फिकट आणि देठ लोंबते झाले तर प्रकाश कमी आहे, खत वाढवून उपयोग नाही. रोप ओल्या मातीतही कोमेजलं तर मुळं कुजली आहेत. उपटून वास घ्या, आंबूस आला तर टाकून द्या आणि खड्ड्यात वाळू घालून जागा थोडी उंच करा. पानांवर काळा थर बोटाने पुसला जात असेल तर रोग वर फांदीवर आहे, खाली औषध मारू नका, साध्या पाण्याने पानं धुवा आणि उद्यान विभागाला झाड दाखवा. मांजरं मोकळी माती उकरत असतील तर रोपांमध्ये वाळक्या काटक्या उभ्या खोचा, महिन्याभरात सवय सुटते.

दुसऱ्या पावसाळ्यात काही विकत घ्यावं लागत नाही. जूनमध्ये नेफ्रोलेपिसचे गड्डे खुरप्याने दोन भाग करून रिकाम्या जागी लावा, लिलीचे बाजूचे कांदे सोडवा, पिंपळीची लांबलेली टोकं कापून पुन्हा खोचा. हळदीचे गड्डे जमिनीतच राहू दिले तरी पहिल्या पावसात फुटतात. दर तिसऱ्या वर्षी मात्र फेब्रुवारीत खणून निम्मे काढा, दाटी झाली की पानं लहान येतात. काढलेले गड्डे शेजारच्या इमारतीला द्या, तिथेही एक पर्जन्यवृक्ष असतोच.